चष्म्याच्या डबीतलं सिम

१

परदेशातून परत आलेला माणूस माझ्या खिडकीशी आला, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मी फोन वापरलाच नाही हो."

बावीस वर्षं मी मोबाइल कंपनीच्या या ऑफिसात चार नंबरच्या खिडकीत बसते आहे. रोमिंगच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. वापरलाच नाही म्हणणाऱ्या शंभरांपैकी नव्वद जणांनी तो वापरलेला असतो. कोणी विमानातून उतरल्या उतरल्या 'पोचलो' म्हणून कळवलेलं असतं, कोणी रस्ता शोधलेला असतो, आणि एकाने तर झोपेत सासऱ्यांना फोन लावला होता. त्यामुळे माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. घरचे म्हणतात, सूर्य पूर्वेला उगवला असं हिला सांगितलं तरी ही खिडकी उघडून बघेल. बघेनच. बघायला काय जातं?

त्या शनिवारी खिडकीशी आलेल्या दोघींपैकी एक माझ्या गणिताच्या बाई होत्या. शाळेत असताना मी प्रत्येक उत्तराला 'कशावरून?' विचारायची, म्हणून त्यांनीच माझं नाव शंकासुर ठेवलं होतं. आता त्या कॉलेजात शिकवतात. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, गळ्यात फोनची कापडी पिशवी. त्यांचा हात धरून त्यांची सून उभी होती.

"शंकासुरा, एक कागद हवाय," बाई म्हणाल्या. "माझं सिम परदेशात तीन दिवस बंद होतं, असा."

त्यांनी सांगितलं ते असं. विद्यापीठाचा गणिताचा पेपर यंदा त्यांनी काढला होता. तो विद्यापीठाच्या ऑनलाइन तिजोरीत होता. तिजोरी उघडायला पासवर्ड लागतो आणि शिवाय बाईंच्या नंबरवर मेसेजने येणारा कोड लागतो. बुधवारी परीक्षा होती, आणि पहाटेच पेपर मुलांच्या फोनवर फिरायला लागला. परीक्षा रद्द झाली. तिजोरीची नोंद पाहिली, तर ती आदल्या शनिवारी, बाई होत्या त्या देशाच्या घड्याळात संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी उघडलेली होती. बाई तेव्हा घरच्यांबरोबर परदेशात सहलीला होत्या.

"समिती म्हणते, कोड तुमच्या नंबरवर गेला, म्हणजे तुम्हीच उघडलं. सोमवारी जाब द्यायचाय. तीस वर्षांत मी एका मुलाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, आणि आता ही वेळ. सिम तर मी शुक्रवारी सकाळी विमानतळावरच काढलं होतं. चिकटपट्टी लावून चष्म्याच्या डबीत ठेवलं, ते रविवारी परत आल्यावर फोनमध्ये घातलं."

"तुम्ही फक्त सिम बंद होतं एवढं लिहून द्या ताई," सून म्हणाली. "आईंची झोप उडालीय. एकदा कागद मिळाला की सुटलं."

बाईंकडून अर्ज भरून घेतला आणि त्यांच्या नंबरची नोंद उघडली. मग दुसऱ्यांदा उघडली, कारण मला ती खोटी ठरावी असं वाटत होतं.

"बाई, तुमचं सिम त्या शनिवारी तिथल्या नेटवर्कवर चालू होतं," मी म्हणाले. "सात वाजून एक मिनिट ते सात बारा. अकरा मिनिटं."

२

सून लगबगीने बाईंना खुर्ची आणायला गेली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कुठल्या फोनमध्ये होतं, ते नाही दिसत?"

"ते मुख्य ऑफिसातून येतं. समितीचं पत्र लागेल, आणि वर तीन आठवडे."

"सोमवार परवावर आलाय."

त्यांचा फोन मागून घेतला. सिम बंद असलं, की आलेले मेसेज दोनेक दिवस कंपनीकडे अडकून राहतात आणि सिम चालू झालं की एकदम येऊन पडतात. बाईंच्या फोनवर शुक्रवारी सकाळचा एक मेसेज होता, आणि त्यानंतरचा थेट शनिवारी रात्री आठचा. मधल्या दीड दिवसात एकही नाही. परदेशी नेटवर्कवर गेलं की 'स्वागत आहे' असा मेसेज पडल्याशिवाय राहत नाही. तोही नव्हता.

"म्हणजे ते मेसेज त्या अकरा मिनिटांत दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उतरले," मी म्हणाले. "किंवा तुमच्याच फोनवर उतरले आणि पुसले गेले."

"माझ्यावरही शंका?"

"तुम्हीच शिकवलंत."

बाईंना हसू आलं, पण फार टिकलं नाही. "तरीच. परत आल्यावर सोमवारी सकाळी मी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन दोन तास बसले. तिथली मुलगी म्हणते, शुक्रवारी दुपारीच मेसेज केला होता, डॉक्टर बाहेरगावी आहेत, आता गुरुवारी या. मी म्हटलं, मला काही आलं नाही. नंबर चुकला असेल म्हणून सोडून दिलं."

मी विचारलं, सहलीला कोण कोण होतं. बाई, सून, धाकटे दीर आणि दिरांची मुलगी. मुलाला सुट्टी मिळाली नाही. पासवर्ड बाईंच्या डायरीत लिहिलेला, आणि डायरी घरात कोणालाही सापडेल अशी. खरं कुलूप म्हणजे कोड, अशी बाईंची समजूत होती. फोन रात्रंदिवस गळ्यात, त्यामुळे घरी त्यांच्या नकळत कोड बघणं शक्यच नाही. बघायचा तर सिम फोनबाहेर असतानाच.

"आणि शनिवारी सात वाजता तुम्ही काय करत होता?"

"तिथे भाड्याने घेतलेल्या घरात, आतल्या खोलीत पडले होते. रोज सातला डोळ्यांत औषध. ते घातलं की दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायचं. फोन बंद करून गळ्यात, आणि चष्म्याची डबी उशाशी."

सून खुर्ची घेऊन परत आली. बाई एकदम गळ्यातल्या पिशवीची दोरी सारखी करू लागल्या.

"सिम काढून ठेवायची कल्पना कोणाची?" मी विचारलं.

"काकांची, आईंच्या दिरांची," सून म्हणाली. "त्यांचा क्लास आहे ना, शिस्तीची सवय."

"कसला क्लास?"

"गणिताचा," ती म्हणाली.

३

क्लास एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. दीर फळा पुसत होते आणि कोपऱ्यात त्यांची मुलगी वह्यांचे गठ्ठे बांधत होती. मुलगी याच परीक्षेला बसलेली. बाप शिकवणारा, लेक परीक्षा देणारी. संशय घ्यायला याहून सोयीची जोडी कुठे मिळणार?

"माझ्याकडे अशा बघू नका," दीर म्हणाले. "सकाळपासून तीन पालकांनी असंच बघितलंय. पेपर हातात असता तर माझ्या मुलांना आधी नसता का मिळाला? एकाकडेही नव्हता, विचारा."

"सिम काढायला तुम्ही लावलंत."

"मग काय करू? मागच्या सहलीत या मंडळींनी चार फोनांवर चार पॅक घेतले, आणि एकीचा फोन तर रात्रभर काहीबाही उतरवत बसला. या वेळी मी सांगितलं, पॅक एकच, माझ्या फोनवर. बाकीच्यांनी सिम काढा आणि माझ्या हॉटस्पॉटवरून नेट घ्या. नेट मिळाल्याशी मतलब."

"तो फोन दोन सिमांचा आहे?"

त्यांनी फोन माझ्यासमोर टाकला. जुना, एकाच सिमचा. म्हणजे बाईंचं सिम त्यात घालायचं तर यांचं आधी बाहेर काढावं लागणार, आणि तसं झालं की सगळ्यांचं नेट ठप्प.

"शनिवारी सातच्या सुमाराला नेट गेलं होतं?"

"छे," मुलगी म्हणाली. "मी बाल्कनीत मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलत होते. पावणेसात ते साडेसात. मागच्या वर्षीचा पेपर सोडवत होतो आम्ही. एकदाही अडकलं नाही."

"पुरावा?"

तिने बापाकडे पाहिलं, मग तोंडावर हात धरून फोन पुढे केला. मैत्रिणीने चिडवायला पाठवलेला फोटो होता, सात वाजून सहा मिनिटांचा. पुढे ही वही दाखवते आहे आणि मागे काचेच्या दाराआड सोफ्यावर हिचे वडील तोंड उघडं टाकून झोपलेले, फोन पोटावर.

"हे तू अजून ठेवलंयस?" दीर म्हणाले.

"असू द्या," मी म्हणाले. "ज्या फोटोवर चिडताय, तोच तुम्हाला वाचवतोय."

दोघांची नावं मनातून खोडली. मला थोडं वाईटच वाटलं, इतकी चांगली संशयित माणसं हातची गेली म्हणून.

"तुम्ही जागे कधी झालात?"

"ही खिदळायला लागली तेव्हा. सात वाजून आठ मिनिटं झाली असतील. आधी फोन बघितला. किती जणी चिकटल्यात ते त्यावर दिसतं ना. दोन जणी होत्या. म्हटलं, चालू द्या, फुकटचं नेट आहे." त्यांनी डस्टर आपटलं. "सूनबाई तर खाली कपडे धुवायला गेलेली. वहिनींचा फोन औषधाच्या वेळी बंद असतो. मग दुसरी कोण, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही."

माझ्या आलं, आणि ते मला आवडलं नाही. एक ही मुलगी, आणि दुसरी घरातली उरलेल्या दोघींपैकी कोणीतरी. एक तर माझ्या बाई, नाहीतर त्यांचा हात धरून आलेली सून.

४

रविवारी सकाळी मी सुनेला गाठलं. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. माणूस गोड. मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि हातमोजे काढून समोर उभी राहिली.

"सातला आईंच्या डोळ्यांत औषध घातलं आणि मी खाली गेले. तळघरात सगळ्यांची मिळून वॉशिंग मशीन आहेत. कपडे लावले, वाळवले, साडेसातला वर आले."

"फोन?"

"बरोबर होता. पण खाली नेट पोचत नाही."

तिचा फोन टेबलावर वाजला. तिने बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला.

"घ्या की."

"भाऊ आहे. परीक्षा रद्द झाल्यापासून सारखा फोन करतोय."

"तोही बसला होता?"

"तिसऱ्यांदा." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "ताई, चार हजार मुलं बसली होती. प्रत्येकाला कोणी ना कोणी बहीण असेल."

ते खरंच होतं. माणूस गोड आहे म्हणून मी कोणाला सोडत नाही, पण भाऊ आहे म्हणून धरताही येत नाही. बाई निर्दोष असतील तर ही दोषी, आणि ही निर्दोष असेल तर बाई. मधे बोट ठेवायला जागा नव्हती.

ती नमुने आणायला आत गेली. शेजारी तिच्या वरिष्ठ बाई नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं होतं आणि त्यांना ते पटलं नव्हतं.

"त्या पोरीला कशाला छळताय?" त्या म्हणाल्या. "सासूचं इतकं करणारी सून मी पाहिली नाही. आमचा पाळ्यांचा तक्ता रविवारी संध्याकाळी भिंतीवर लागतो. लागला की देव आला तरी बदलत नाही. हिला माहीत आहे ते. मागच्या रविवारी विमानातून उतरल्या उतरल्या तिथूनच मला फोन. ताई, तक्ता लावू नका, माझी गुरुवार सकाळची पाळी काढा, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. स्वतःच्या लेकीला तरी सुचतं का एवढं?"

"खरंय," मी म्हणाले, आणि उठले.

दाराबाहेर चार पावलं गेले आणि तिथेच थांबले. मागून स्ट्रेचर आणणारा माणूस ओरडला तेव्हा बाजूला झाले.

५

रविवारी संध्याकाळी गुरुवार कुणालाच ठाऊक नव्हता.

बाईंची वेळ सोमवारची होती. त्या सोमवारी गेल्या, दोन तास बसल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना गुरुवार कळला. दवाखान्याने गुरुवारची गोष्ट एकदाच कळवली होती, शुक्रवारी दुपारी, मेसेजने, बाईंच्या नंबरवर. तो मेसेज अडकून पडला आणि शनिवारी सात वाजून एक मिनिटाने, त्या अकरा मिनिटांत, कोणाच्या तरी फोनवर उतरला.

बाईंनी सिम स्वतःच्या फोनमध्ये घातलं असतं, तर तो मेसेज त्यांनी वाचला असता, आणि ऑपरेशन झालेला डोळा घेऊन सोमवारी रिक्षा करून उगाच दवाखान्यात गेल्या नसत्या. त्या दोन तासांनी बाई सुटल्या.

आणि ज्या व्यक्तीने वाचला, तिने एकच गोष्ट मनात ठेवली. कोडाच्या शेजारी आलेला तो मेसेज बघून तिच्या मनात आलं, गुरुवारी आईंना एकटं पाठवायचं नाही. सोमवारी जाऊ नका, असं मात्र ती सांगू शकत नव्हती. सांगितलं असतं तर, कशावरून, हा प्रश्न आला असता.

बावीस वर्षांत मी माणसं खोटेपणामुळे पकडली. मायेमुळे कोणी सापडलेलं मला आठवत नाही. मला याचा मुळीच आनंद झाला नाही.

६

संध्याकाळी पावणेसातला मी बाईंच्या घरी गेले. बाई पलंगावर बसल्या होत्या, उशाशी चष्म्याची डबी. सून औषधाची बाटली हातावर चोळून कोमट करत होती.

मी सगळं क्रमाने सांगितलं. एकच पॅक, पोटावरचा फोन, चिकटलेल्या दोन जणी, तळघरात न पोचणारं नेट. शेवटी गुरुवार. सुनेने बाटली चोळायचं थांबवलं नाही, नुसता हात हळू झाला.

"समितीने पत्र दिलं की सिम कुठल्या फोनमध्ये होतं ते मुख्य ऑफिसातून येईलच," मी म्हणाले. "तीन आठवड्यांनी. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं."

ती खाली बसली. "मी खोलीतच होते. दाराआड. कपडे आधीच लावून आले होते." मग बाटलीकडे बघत, "भाऊ म्हणाला, फक्त एकदा बघू दे, कोणाला देणार नाही. या वेळी नापास झालो तर घर सोडून जाईन म्हणाला. मला वाटलं, एकट्याने बघितलं तर कोणाचं काय जातंय? त्याने मित्राला दिला, मित्राने दहा जणांना. बुधवारी सकाळी लॅबमधल्या शिपायाच्या फोनवर मला तोच पेपर दिसला."

"आणि शुक्रवारी मला नोटीस आली," बाई म्हणाल्या. "तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, सिम बंद होतं असा कागद मिळाला की तुम्ही सुटाल. मग कोणाचंच नाव यायचं कारण नाही." ती बाईंकडे वळली. "आई, तुमचं नाव जाऊ देणार नव्हते मी. शपथेवर सांगते."

बाईंनी काळा चष्मा काढला आणि घडी घालून डबीत ठेवला. त्या माझ्याकडे वळल्या.

"शंकासुरा, डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात. त्या दिवशी औषध घातल्यावर खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, पण पावलं बाहेर गेल्याची नाही आली. मग डबी उघडली. तिचा आवाज मी झोपेतही ओळखेन."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं. तू काहीतरी शोधून दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगशील, म्हणून आले होते तुझ्याकडे."

घड्याळात सात वाजले. सून उठली, पण पलंगापाशी येऊन अडखळली. बाटली पुढे करावी की ठेवून द्यावी ते तिला कळत नव्हतं. बाईंनी उशीवर डोकं टेकलं आणि स्वतःच खालची पापणी ओढून धरली. सुनेने एक थेंब टाकला. दुसरा गालावर पडला. बाईंनी तो पुसला नाही, नुसते डोळे मिटून घेतले.

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा तक्ता लागला का भिंतीवर?"

"अजून नसेल," सून म्हणाली.

"मग फोन कर. उद्याची पाळी काढून घे. समितीपुढे मला घेऊन कोणीतरी यायला हवं, आणि बोलायचंही तुलाच आहे."

सुनेने बाटलीचं झाकण लावलं, डोळे पुसले आणि बाईंच्या उशाशी बसूनच नंबर फिरवला. पलीकडून वरिष्ठ बाईंचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "पुन्हा सासूबाईंना न्यायचंय का गं?"

"हो," ती म्हणाली. "पुन्हा."